शिंपल्याकडून स्तंभाकडे : अठराव्या शतकातल्या राजमहालांचे बदललेले अंतरंग

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या राजांनी आपली दालने शिंपले, वेली, लाटा आणि फुलांनी मढवली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या वारसांनी आपल्या दालनांत सरळ रेषा, पन्हळदार स्तंभ, लॉरेलच्या माळा आणि रोमन तिवया आणल्या. पहिल्या शैलीला रोकोको म्हणतात. दुसरीला नवअभिजातवाद, किंवा थोडक्यात अभिजातवाद. हा पालट तीस-चाळीस वर्षांत घडला आणि पॅरिसपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत, नेपल्सपासून स्टॉकहोमपर्यंत पसरला.

तो का घडला? पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे. रोकोको ही चैनखोर दरबाराची नखरेल शैली होती. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई इथे उत्खनन सुरू झाले. प्राचीनांचा साधेपणा लोकांच्या नजरेस पडला, विचारवंतांनी कान उपटले आणि युरोप भानावर आला. या उत्तरात तथ्य आहे, पण त्यात एक निवाडा आधीच देऊन ठेवलेला आहे : वक्ररेषा म्हणजे घसरण आणि सरळ रेषा म्हणजे सुधारणा. प्रत्यक्ष खोल्या, त्यांच्या तारखा आणि तिथे राबलेल्या कारागिरांची नावे समोर मांडली की हा निवाडा टिकत नाही. माझे म्हणणे असे आहे, की अभिजातवादाने भिंती जिंकल्या, घराची रचना मात्र रोकोकोचीच राहिली. आणि राजांनी नवी शैली उचलली त्यामागे अवशेषांवरच्या प्रेमापेक्षा, राजा म्हणून आपण कोण आहोत हे नव्याने सांगण्याची गरज मोठी होती.

वक्ररेषेचे राज्य

चौदावा लुई १७१५ मध्ये वारला. पाच वर्षांचा पणतू पंधरावा लुई गादीवर आला, कारभार रीजंट म्हणून ओर्लेआंचा ड्यूक फिलिप याच्या हाती गेला आणि दरबाराने व्हर्साय सोडले. १७२२ मध्ये दरबार परत गेला, पण मधल्या काळात सरदार आणि सावकार पॅरिसमध्ये स्थिरावले होते. त्यांच्या शहरी वाड्यांत रोकोको बहरला. तो जन्मला मात्र राजाच्याच खात्यात. अमेरिकी इतिहासकार फिस्क किंबॉल यांनी १९४३ मधल्या आपल्या ग्रंथात या शैलीची मुळे चौदाव्या लुईच्या अखेरच्या वर्षांत, पिएर लपोत्र यांच्यासारख्या शाही बांधकाम खात्यातल्या आरेखनकारांच्या कागदांवर शोधली. रीजंटच्या काळातल्या स्वैराचारातून रोकोको उपजला, ही समजूत तेव्हापासूनच डळमळीत झाली आहे.

या शैलीचे मर्म एका खोलीत पाहायचे असेल, तर पॅरिसमधल्या सुबीझ वाड्यातले राजकुमारीचे दालन पाहावे. १७३० च्या दशकात जेर्मां बोफ्राँ यांनी ते घडवले. दालन लंबवर्तुळाकार आहे. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, कारण दोहोंच्या सांध्यावरच शार्ल-जोसेफ नात्वार यांनी रंगवलेली सायकीच्या कथेतली चित्रे सोनेरी वेलींच्या चौकटींत बसवलेली आहेत. खिडक्यांसमोर आरसे आहेत. मेणबत्त्यांच्या उजेडात पांढऱ्या लाकडावरचा सोनेरी वर्ख हलता वाटावा आणि भिंतीचे जडपण नाहीसे व्हावे, अशी ही योजना. हा भार नाहीसा करणे हेच रोकोकोचे खरे कसब. म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्ग उद्यानात फ्राँस्वा द क्युव्हिलिएस यांनी १७३४ ते १७३९ या काळात बांधलेल्या आमालियेनबुर्ग या शिकारघरात सोन्याच्या जागी चांदीचा वर्ख आहे आणि योहान बाप्टिस्ट त्सिमरमान यांची चुन्यातली झाडे, पक्षी आणि कारंजी गोल दालनाच्या छतावर चढत जातात. फ्रेंच आरेखन आणि बव्हेरियन हात यांच्या मिलाफातून इतकी तरल वास्तू पुन्हा क्वचितच घडली.

पण या नक्षीकडे पाहताना एक मोठी गोष्ट नजरेआड होते. पंधराव्या लुईने १७३८ मध्ये आपल्या पणजोबांचे भव्य शयनगृह निजण्यापुरते सोडून दिले, कारण ते थंड आणि गैरसोयीचे होते. सकाळी उठण्याचा आणि रात्री निजण्याचा दरबारी सोहळा तिथेच चालू राहिला. राजा प्रत्यक्षात निजायचा तो नव्या, आटोपशीर खोलीत. आंज-जाक गाब्रिएल यांच्या आराखड्यांवरून जाक वेर्बेर्क्त यांनी कोरलेल्या लाकडी भिंतफळ्यांनी त्याची खासगी दालने सजली. समारंभाची जागा आणि राहण्याची जागा अशी वेगळी झाली. लहान खोल्या, चांगल्या शेकोट्या, आतले जिने, स्नानगृहे, जेवणासाठी स्वतंत्र खोली, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या, हे सगळे या पिढीने रूढ केले. रोकोकोने राजाला घर दिले. पुढच्या पिढीने या घराची सजावट बदलली, पण घर मोडले नाही.

टीका, प्रवास आणि उत्खनन

विरोधाचे सूर १७५० च्या सुमाराला तीव्र झाले. वास्तुशिक्षक जाक-फ्राँस्वा ब्लोंदेल यांना असमतोल अलंकरणाचा अतिरेक खटकत होता. मार्क-आंत्वान लोझिए यांनी १७५३ मधल्या वास्तुविषयक निबंधात खांब, तुळई आणि छप्पर एवढ्यावर उभ्या असलेल्या आदिम झोपडीला सगळ्या वास्तुकलेचा मूळ नमुना ठरवले. जे भार पेलत नाही ते अनावश्यक, असा त्यांचा दंडक. डिसेंबर १७५४ मध्ये शार्ल-निकोला कोशँ यांनी 'मर्क्यूर द फ्राँस' या नियतकालिकात सोनार आणि कोरीवकाम करणाऱ्यांना उद्देशून एक विनवणी छापली : जी वस्तू सरळ असू शकते तिला सरळ राहू द्या, उगाच पिळू नका. १७५५ मध्ये योहान योआखिम विंकेलमान यांनी ग्रीक कलेतल्या उदात्त साधेपणाचे आणि शांत भव्यतेचे गुणगान करणारी पुस्तिका काढली आणि या रुचीला एक तत्त्वज्ञान मिळाले.

या टीकेला सत्तेचे दार उघडून दिले ते एका प्रवासाने. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिने आपला धाकटा भाऊ, पुढचा मार्की द मारिन्यी, याला शाही बांधकाम खात्याचा प्रमुख होण्याच्या तयारीसाठी १७४९ मध्ये इटलीला धाडले. बरोबर हेच कोशँ आणि वास्तुकार सूफ्लो होते. ते १७५१ मध्ये परतले, मारिन्यीने खात्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढची बावीस वर्षे सांभाळली. रोकोकोची आश्रयदाती म्हणून ओळखली जाणारी पाँपादूरच अशा रीतीने त्या शैलीच्या विरोधकांना खुर्चीवर बसवत होती. दरबारात दोन छावण्या होत्या आणि एकीने दुसरीला पाडले, असे चित्र म्हणूनच फसवे ठरते.

उत्खननाचा प्रभावही वाटतो तितका सरळ नव्हता. हर्क्युलेनियमचे उत्खनन नेपल्सचा राजा चार्ल्स याच्या आश्रयाने सुरू झाले आणि सापडलेल्या वस्तू पोर्तिची इथल्या त्याच्या महालात ठेवल्या जात. त्या वस्तूंच्या चित्रांचा पहिला शाही खंड १७५७ मध्ये निघाला. नेमक्या त्याच वर्षी त्याच महालात राणी मारिया आमालिया हिच्यासाठी एका खोलीचे काम सुरू झाले, जिच्या भिंती चिनी माणसे, माकडे, पक्षी आणि फुलांच्या माळांनी नटलेल्या चिनी मातीच्या फरशांच्या आहेत. रोकोकोच्या चिनी हौसेचा हा कळस सध्या नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे. जमिनीखालून निघणारी रोमन चित्रे ज्याच्या महालात येत होती, त्या राजालाही राहायला रोकोको खोलीच हवी होती. चार्ल्स १७५९ मध्ये स्पेनचा राजा झाला, चिनी मातीचा कारखाना आणि कारागीर बरोबर घेऊन गेला आणि ती खोली घडवणारे जुझेप्पे ग्रिच्ची यांच्याकडून त्याने आरान्हुएझच्या महालात तशीच दुसरी खोली करवून घेतली. प्राचीन वस्तू डोळ्यांसमोर असणे आणि त्यांच्यासारखे जगावेसे वाटणे यांत बरेच अंतर असते.

ते अंतर आधी ओलांडले खासगी श्रीमंतांनी. राजदूतांना दरबारात सादर करणारा अधिकारी आणि कलासंग्राहक लालीव द झ्यूली याने १७५७ च्या सुमाराला लुई-जोसेफ ल लोरँ यांच्याकडून आबनूस आणि मुलामा दिलेल्या कांस्यात एक जडशीळ, चौकोनी लेखनमेज करून घेतले. ते आज शांतीयीच्या किल्ल्यात आहे. डॅनिश अभ्यासक स्वेन एरिक्सेन यांनी १९७४ मधल्या ग्रंथात कागदोपत्री पुराव्यांनी दाखवले, की फ्रान्समधल्या नव्या रुचीची सुरुवात सोळाव्या लुईच्या राज्यारोहणाच्या बरीच आधी, अशा मूठभर लोकांच्या घरांत झाली. कोपनहेगनमध्येही निकोला-आंरी जार्दँ या फ्रेंच वास्तुकाराने १७५७ मध्ये नव्या धाटणीचे भोजनगृह सजवले ते काउंट मोल्तके या मंत्र्याच्या वाड्यात. १७९४ च्या आगीत ख्रिश्चन्सबोर्ग हा राजमहाल जळाल्यावर तो वाडा राजाने घेतला. १७६० नंतर पॅरिसच्या फॅशनेबल मंडळींत डबीपासून केशभूषेपर्यंत सगळे ग्रीक थाटाचे हवे झाले. राजमहाल या स्पर्धेत पुढे नव्हते. ते थांबून, चाचपून, मग सामील झाले.

व्हर्साय : एकाच घराण्याचे हात

हे चाचपणे पाहायला व्हर्सायइतकी चांगली जागा नाही. तिथे दोन्ही शैलींची आरेखने बऱ्याच अंशी एकाच माणसाची आहेत. गाब्रिएल १७४२ मध्ये वडिलांमागून राजाचे प्रमुख वास्तुकार झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. १७५५ मधले मंत्रिमंडळाचे दालन त्यांचेच, कोरीवकाम आंत्वान रूसो यांचे. तिथे नक्षी अजून वळते, पण भिंतफळ्यांची मांडणी समतोल झाली आहे. १७६२ मध्ये योजलेले आणि १७६८ मध्ये पूर्ण झालेले पेती त्रियानों त्यांचेच. त्याची दर्शनी बाजू कोरिंथियन स्तंभांची आहे आणि आत ऑनोरे गिबेर यांनी कोरलेली फुले, फळे आणि पाने आहेत, पण ती आता चौकटीबाहेर पसरत नाहीत. रोकोकोची बाग तिथेच आहे. तिला फक्त वाफे पडले आहेत. ज्या पाँपादूरसाठी हे लहानसे घर योजले, ती १७६४ मध्ये वारली. १७७४ मध्ये सोळाव्या लुईने ते मारी आंत्वानेतला दिले.

१७७० मध्ये राजपुत्राच्या लग्नासाठी गाब्रिएल यांनी महालातले ऑपेरागृह पूर्ण केले. ते जवळजवळ सगळे लाकडाचे असून रंगकाम संगमरवराचा भास देते. शिल्पे ओग्युस्तँ पाजू यांची. १७७४ मध्ये सोळाव्या लुईच्या ग्रंथालयाने गाब्रिएल यांनी व्हर्सायच्या आतल्या कामाचा शेवट केला. त्याचे कोरीवकाम केले रूसो कुटुंबाने. आंत्वान रूसो यांच्या मुलांनी १७८३ मध्ये वास्तुकार रिशार मीक यांच्या आराखड्यावरून मारी आंत्वानेतच्या सोनेरी दालनात स्फिंक्स आणि धूर सोडणाऱ्या रोमन तिवया कोरल्या. बापाने वेल वळवली, मुलांनी ती सरळ केली. पटाशी तीच, कारखाना तोच, वर्ख लावण्याची पद्धत तीच.

फर्निचरमध्येही असेच घडले. पंधराव्या लुईचे गुंडाळत्या झाकणाचे लेखनमेज जाँ-फ्राँस्वा एबेन यांनी १७६० मध्ये करायला घेतले. १७६३ मध्ये ते वारले. त्यांचे सहायक जाँ-आंरी रीझेनेर यांनी १७६९ मध्ये ते पुरे करून दिले आणि दरम्यान एबेन यांच्या विधवेशी लग्न करून कारखानाही चालू ठेवला. मेजाचा आकार अजून फुगीर आहे, पाय वळलेले आहेत, पण कांस्याच्या चौकटी आणि लाकडी जडावकामाची मांडणी समतोल झाली आहे. हेच रीझेनेर पुढे मारी आंत्वानेतचे सर्वांत आवडते सुतार झाले आणि त्यांच्या कामातल्या कडा हळूहळू ताठ होत गेल्या. झॉर्झ जाकोब यांच्या खुर्च्यांत वळणदार पायाची जागा सरळ, खाली निमुळत्या होत गेलेल्या पन्हळदार पायाने घेतली. पंधराव्या लुईच्या त्या मेजाला 'संक्रमणकालीन' म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द अन्यायकारक वाटतो. मेज करणाऱ्यांना आपण कुठून कुठे निघालो आहोत याची फिकीर नव्हती. आपल्या हाताला जे उत्तम येते आणि गिऱ्हाइकाला जे नवे हवे आहे, त्यांचा त्यांनी मेळ घातला. त्या मेळातून फ्रेंच सुतारकामातली एक सर्वश्रेष्ठ वस्तू झाली.

मेळ नेहमीच जमला असे नाही. पंधराव्या लुईची शेवटची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्यासाठी क्लोद-निकोला लदू यांनी १७७१ मध्ये लूव्हसिएन इथे चार खांबी देवडीचा कडक अभिजात मंडप बांधला. त्यातल्या दालनासाठी फ्रागोनार यांनी प्रेमाच्या प्रवासावर चार मोठी चित्रे रंगवली : उधाणलेली झाडे, फुलांचे ढीग, धावणारी जोडपी. ती चित्रे बसवून पाहिली आणि परत केली गेली. त्यांच्या जागी जोसेफ-मारी व्हिएँ यांची ग्रीक वेशातली संथ, नेटकी चित्रे आली. लदू यांच्या भिंतींमध्ये व्हिएँ शोभले असतील, यात शंका नाही. पण आज जगभरचे लोक न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात जाऊन उभे राहतात ते फ्रागोनार यांच्या चित्रांपुढे. सुसंगती हे सजावटीचे एक मूल्य आहे, एकमेव नव्हे, हे या नकाराइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

नव्या राजांची नवी गरज

फ्रान्सबाहेर गेले की राजकारण अधिक उघडपणे दिसते. ज्या राजांना आपला अधिकार नव्याने सिद्ध करायचा होता, त्यांनी अभिजातवाद लवकर आणि मनापासून स्वीकारला.

स्टॉकहोममधला जुना किल्ला १६९७ मध्ये जळाला. नव्या महालात राजघराणे राहायला आले ते १७५४ मध्ये, आणि आतली सजावट वास्तुकार कार्ल हॉर्लेमान यांनी बोलावलेल्या फ्रेंच कारागिरांच्या हातची, रोकोको होती. तिसरा गुस्ताव १७७१ मध्ये युवराज म्हणून पॅरिसला गेला असताना वडील वारल्याची बातमी तिथेच त्याला कळली. परतल्यावर १७७२ मध्ये त्याने संसदेच्या हातून सत्ता काढून घेतली. याच दशकात जाँ एरिक रेन यांनी त्याचे समारंभी शयनगृह सरळ रेषांत सजवले. १७८३-८४ मध्ये गुस्तावने इटलीची यात्रा केली आणि त्यानंतर हागा उद्यानातल्या त्याच्या मंडपात, रोममध्ये वर्षानुवर्षे शिकलेल्या लुई मास्रेलिएझ यांनी पॉम्पेईच्या धर्तीवर भिंती रंगवल्या. हा बदल गुस्तावच्या नावाने गुस्ताव्हियन शैली म्हणून ओळखला जातो. फिके राखाडी, निळे, पिवळसर रंग आणि संगमरवराऐवजी रंगवलेले लाकूड यांमुळे ती शैली स्वीडनच्या खेड्यापाड्यांतल्या जमीनदारांच्या घरांतही सहज शिरली. राजाने राजकीय हेतूने आणलेली रुची प्रजेने सोय म्हणून टिकवली.

पोलंडचा स्टानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की १७६४ मध्ये निवडून आलेला राजा होता. मागे राजवंश नाही, आजूबाजूला रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया टपलेले. वॉर्साच्या शाही किल्ल्यात त्याने दोमेनिको मेर्लिनी आणि यान क्रिस्तियान काम्सेत्सर या वास्तुकारांना आणि चित्रकार मार्चेल्लो बाच्यारेल्ली यांना कामाला लावले. संगमरवरी दालनात आधीच्या २२ पोलिश राजांची चित्रे लावली. सरदारांच्या दालनात पोलंडच्या इतिहासातले प्रसंग आणि कर्तबगार पोलिश व्यक्तींचे अर्धपुतळे आणि चित्रे. इथे अभिजात चौकट स्मरणाचे काम करते. ज्याला वारशाने सिंहासन मिळालेले नाही, तो राष्ट्राच्या इतिहासात आपली जागा भिंतीवर मांडून दाखवतो. १७९१ चे ३ मेचे संविधान याच किल्ल्यात संमत झाले. अशा दालनात शिंपले आणि वेली चालल्या नसत्या. त्यांना इतिहास सांगता येत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण रशियाचे. सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्यासाठी बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली यांनी १७५० च्या दशकात त्सारस्कोये सेलो इथला महाल सोन्याने आणि आरशांनी भरून टाकला. त्याची दर्शनी लांबी ३०० मीटरहून अधिक आहे. १७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून कॅथरिन सत्तेवर आली आणि रास्त्रेल्ली यांचा काळ संपला. जन्माने जर्मन, रशियन गादीवर रक्ताचा हक्क नसलेल्या या स्त्रीने स्वतःला विचारवंतांची मैत्रीण आणि कायदे करणारी राज्यकर्ती म्हणून जगासमोर मांडले. १७७९ मध्ये तिने चार्ल्स कॅमेरून या स्कॉटिश वास्तुकाराला बोलावले. रोमन स्नानगृहांवरचा त्याचा ग्रंथ १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कॅमेरूनने रास्त्रेल्लीच्या कवचाला धक्का न लावता आतल्या खोल्या बदलल्या. हिरव्या भोजनगृहात पिस्तारंगी भिंतींवर पांढऱ्या आकृत्या आल्या. सम्राज्ञीच्या शयनगृहात दुधी काच, जांभळ्या काचेचे बारीक स्तंभ आणि इंग्लंडहून आणलेली वेजवुडची पदके बसली. लियों दालनात पिवळे रेशीम आणि निळा लाजवर्द एकत्र आले. शेजारच्या अकीक दालनांत उरल पर्वतातला जास्पर घासून आरशासारखा झाला.

कॅमेरूनच्या या खोल्या रास्त्रेल्लीच्या दालनांपेक्षा स्वस्त किंवा साध्या नव्हत्या. अभिजातवाद म्हणजे काटकसर, हा समज इथे उघडा पडतो. खर्च सोन्यातून दगडात, काचेत आणि पांडित्यात गेला, एवढेच. रास्त्रेल्लीच्या दालनात कोणीही दिपून जाई. कॅमेरूनच्या खोलीची पूर्ण गोडी ज्याने रोम वाचले आहे त्यालाच कळे. वैभवाच्या जोडीला आता विद्वत्ताही दाखवायची होती, आणि अभिजातवादाने सामाजिक पातळीवर केलेला हा मोठा बदल आहे. रोकोकोला आपण उच्चभ्रू म्हणतो, पण सुबीझ वाड्यातल्या दालनाचा आनंद घ्यायला पाहुण्याला फक्त डोळे लागत.

ज्यांनी घाई केली नाही

सिद्धान्ताची परीक्षा अपवादांवर होते. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक तत्त्वज्ञांचा मित्र आणि स्वतः लेखक. 'प्रबोधन म्हणजे अभिजातवाद' हे समीकरण खरे असते, तर त्याने सर्वांत आधी सरळ रेषा स्वीकारायला हव्या होत्या. १७४५ ते १७४७ मध्ये बांधलेल्या सान्सुसीतल्या रोकोको खोल्या मात्र त्याने आयुष्यभर जपल्या. सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर १७६३ मध्ये त्याने पोट्सडाममध्ये नवा महाल बांधायला घेतला, तोही आतून रोकोकोच सजवला. ज्याचा अधिकार रणांगणावर सिद्ध झाला होता, त्याला भिंतींकरवी काही सिद्ध करायचे नव्हते. १७ ऑगस्ट १७८६ रोजी तो सान्सुसीत आपल्या आरामखुर्चीत वारला. पुतण्या दुसरा फ्रेडरिक विल्यम गादीवर आला आणि मृत्यूच्या त्याच खोलीचा कायापालट त्याने फ्रीडरिश विल्हेल्म फोन एर्डमान्सडोर्फ यांच्याकडून लगोलग अभिजात पद्धतीने करून घेतला. रोकोको महालाच्या मधोमध ती एक खोली आजही वेगळी उठून दिसते. रुची बदलायला तत्त्वज्ञान पुरले नव्हते. वारसदार बदलावा लागला.

माद्रिदमध्ये दोन्ही प्रवाह एका छपराखाली होते. नव्या शाही महालाच्या छतांसाठी नेपल्सहून आलेल्या चार्ल्सने विंकेलमान यांचे मित्र आंटोन राफाएल मेंग्स यांना १७६१ मध्ये आणि व्हेनिसचे वृद्ध त्येपोलो यांना १७६२ मध्ये आणले. सिंहासनाच्या दालनावर त्येपोलो यांचे ढगांनी आणि देवतांनी भरलेले छत १७६४ मध्ये पुरे झाले. १७७० मध्ये त्येपोलो वारले आणि थोड्याच काळात आरान्हुएझच्या चर्चमधली त्यांची चित्रे काढून तिथे मेंग्स आणि त्यांच्या वर्तुळातल्या चित्रकारांची चित्रे बसवण्यात आली. दरबारातल्या रुचीचा निकाल नेहमी गुणांवर लागत नाही. कधी कधी तो कोण जिवंत आहे यावर लागतो.

काय गेले, काय राहिले

आता हिशेब मांडता येतो. अभिजातवादाने भिंतीला पुन्हा भिंतपण दिले. छत आणि भिंत यांच्यामध्ये रेघ आली, कोपरे कोपरे झाले, नक्षी चौकटीत गेली, डाव्या बाजूला जे ते उजव्या बाजूला आले. पांढऱ्या-सोनेरीच्या जोडीला पिस्ता, आकाशी, फिका जांभळा आणि पॉम्पेईचा लाल रंग आला. खोलीला विषय मिळाला, कधी पुराणकथा तर कधी इतिहास.

खोल्यांचा आकार, त्यांची जवळीक, शेकोटीभोवतीची मांडणी आणि गादीच्या खुर्च्या मात्र गेल्या नाहीत. मारी आंत्वानेतच्या खासगी खोल्या पंधराव्या लुईच्या खोल्यांइतक्याच, काही तर त्याहूनही लहान आहेत. अभिजात शैलीने चौदाव्या लुईच्या थंडगार भव्यतेकडे परत जाण्याची संधी दिली होती. राहायच्या खोल्यांत ती कोणी घेतली नाही. केटी स्कॉट यांनी १९९५ मधल्या आपल्या अभ्यासात रोकोको दालनाकडे समाजातल्या दर्जाची आणि औचित्याची मांडणी म्हणून पाहायला शिकवले. तीच नजर अभिजात दालनाकडे वळवली, की दोन्ही शैलींमधले सातत्य ठळक होते. दोन्हींमध्ये राजा दोन जागी जगतो, एक दाखवायची आणि एक राहायची.

शिवाय रोकोको संपलाही नाही. नेपोलियनच्या काळात अभिजातवाद लष्करी कडकपणाला पोहोचला आणि एकोणिसाव्या शतकात लोक पुन्हा वेलींकडे वळले. गोंकूर बंधूंनी अठराव्या शतकातल्या चित्रकारांना पुन्हा मान मिळवून दिला. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने १८७० च्या दशकात लिंडरहोफ हा नव्या रोकोकोचा महाल सजवला. रुची सरळ रस्त्याने सुधारत जात असती, तर असे घडले नसते.

जतनाच्या कामालाही हे सातत्य ओळखावे लागते. व्हर्सायच्या राणीच्या शयनगृहात भिंतफळ्या आणि बूशे यांची छतचित्रे १७३० च्या दशकातली आहेत. शेकोटी मारी आंत्वानेतच्या काळातली आणि पलंगाचे पडदे तिच्या काळाप्रमाणे नव्याने विणलेले. खोली १७८९ च्या रूपात दाखवली जाते आणि त्या रूपात दोन्ही शैली एकत्र नांदतात. वॉर्साचा किल्ला १९४४ मध्ये जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवला. १९७१ मध्ये पुनर्बांधणीचा निर्णय झाला, १९८४ मध्ये दालने खुली झाली आणि १९३९ मध्ये जिवावर उदार होऊन वाचवलेले नक्षीचे तुकडे पुन्हा भिंतींत बसवले गेले. त्सारस्कोये सेलो इथे रास्त्रेल्लीची दालने आणि कॅमेरूनच्या खोल्या दोन्ही दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाल्या. पुढच्या पिढीच्या कारागिरांनी दोन्ही शिकून घेतल्या आणि दोन्ही उभ्या करत आणल्या. कोणती शैली अधिक नैतिक, असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

अभ्यासकांपुढेही तो नसावा. रोकोकोपासून अभिजातवादापर्यंतचा प्रवास शैलींच्या युद्धासारखा सांगितला, की त्यात जिंकणारे आणि हरणारे उरतात, आणि रूसो पिता-पुत्र, एबेन आणि रीझेनेर, ग्रिच्ची आणि गिबेर तळटीपांत जातात. तोच प्रवास हातांचा, घराण्यांचा आणि गिऱ्हाइकांच्या बदलत्या गरजांचा म्हणून सांगितला, तर राजे बदलले तरी कारखाने कसे चालू राहिले आणि मागणी उलटी फिरली तरी कसब कसे टिकले, हे समजते. या प्रश्नावरचे पुढचे चांगले काम हिशेबवह्या, कारखान्यांच्या नोंदी आणि लाकडावरच्या पटाशीच्या खुणा वाचणाऱ्यांकडून होईल, अशी माझी खात्री आहे. राजांना काय दाखवायचे होते, हे आपल्याला पुष्कळ कळले आहे. ते ज्यांनी घडवून दिले त्यांचे ऋण अजून फिटलेले नाही.